चार सिलिंडरचा पंचनामा

कुंदाताई गायधने गेल्या, त्यांच्या तेरवीच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "बाई चांगल्या होत्या, पण भारी हट्टी." शेजारच्यानं भात कालवता कालवता मान हलवली. मला इतका राग आला, की हातातलं वरणाचं भांडं तिथंच ठेवावं आणि म्हणावं, उठा पानावरून. हट्टी म्हणे! जिनं उभ्या जन्मात न मोजता एक शब्द काढला नाही ती हट्टी, आणि तुम्ही अंदाजपंचे वाट्टेल ते ठोकता, ते समजूतदार? पण दिवस तेरवीचा, समोर त्यांचा मुलगा उभा. मी गप्प बसले आणि वरण वाढत पुढे गेले. तेव्हा गिळलं ते आज लिहून काढते.

मी सुषमा. प्रताप नगरात ताईंच्या कुंपणाला लागून आमचं घर. पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते. ताई वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. म्हणजे दुकानदाराचा तराजू, कापडवाल्याचा मीटर, पंपावरचं पेट्रोलचं माप, हे खरं की खोटं ते तपासायचं आणि खोटं निघालं तर जप्त करायचं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. नोकरी संपली, पण सवय काही संपली नाही. त्यांच्या पर्समध्ये रुमाल नसला तरी चालेल, दोनशे ग्रॅमचं पितळी वजन असायचंच. भाजीवाल्याच्या काट्यावर आधी ते ठेवायच्या, मग भेंडी. आमच्या गल्लीत ठेला लावणारा भाजीवाला त्यांना लांबून पाहिलं की काटा स्वतःच पुसायला घ्यायचा.

माझी त्यांची ओळखच भांडणातून झाली. ब्लाउज शिवायला टाकला होता त्यांनी. घट्ट झाला. मी माझं नेहमीचं वाक्य तोंडावर फेकलं, "ताई, तुम्ही थोड्या भरलात हो." दहा वर्षं मी सगळ्या बायकांना हेच सांगत होते आणि बायका बिचाऱ्या मान खाली घालून जात होत्या. ताई नाही गेल्या.

"टेप दाखव तुझी," म्हणाल्या.

मी गळ्यातली टेप काढून दिली. त्यांनी पर्समधून लोखंडी पट्टी काढली, टेबलावर टेप सरळ केली आणि पट्टी सरकवत सरकवत शेवटपर्यंत गेल्या. मग चष्मा कपाळावर.

"साठ इंचात पाऊण इंच ताणली गेली हे. अंगाचं माप हिनं घेते अन् कापड कापते त्या लाकडी फुटपट्टीनं. मंग बाई कशी भरते वं? तुझी टेप भरली."

दहा वर्षांच्या गिऱ्हाइकांचे चेहरे एकेक करून डोळ्यांपुढून गेले. कित्येक जणींनी माझ्या शब्दावर रात्रीचं जेवण सोडलं असेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईंनी दुसऱ्या दिवशी नवी टेप आणून दिली आणि जुनी माझ्या डोळ्यांदेखत कात्रीनं चार तुकडे करून टाकली. "खोटं माप घरात ठेवू नाही. कोणाच्या तरी हाती लागते," म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

त्यांचे किस्से खात्यात अजून सांगतात. जरीपटक्याच्या बाजारात एका कापडवाल्याचा मीटर चार सेंटीमीटर कमी निघाला. दुकानात लग्नाची गर्दी. मालकानं खुर्ची दिली, पंखा वळवला, लस्सी मागवली. ताईंनी आपल्या बाटलीतलं पाणी प्यायलं. मग मालकानं कुणाला तरी फोन लावला आणि तो फोन ताईंच्या कानाला नेला. पलीकडून कुणी मोठा माणूस बोलत होता. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये हूं की चूं केलं नाही. शेवटी म्हणाल्या, "साहेब, तुमचं सारं ऐकलं. मीटर अजूनबी शहाण्णवच आहे." फोन परत दिला आणि पंचनामा लिहायला बसल्या. दुकानात आलेल्या नवरीच्या आईलाच पंच म्हणून सही करायला लावली.

पण यातून कुणाला वाटेल, बाई नुसती दुसऱ्यांना धरायची. नाही हो. एकदा डॉक्टरनं सांगितलं, बीपी वाढलंय, गोळी सुरू करा. ताईंनी स्वतःचं मशीन विकत आणलं, ते दवाखान्यात नेऊन डॉक्टरच्या मशीनशी पडताळलं (डॉक्टरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता म्हणे), मग पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतःचं बीपी मोजून लिहिलं. सोळाव्या दिवशी मी गेले तर ताटात बिनमिठाचं वरण.

"काय निघालं?" मी विचारलं.

"जास्त निघालं. डॉक्टर बरोबर होता."

एवढंच. रडगाणं नाही. गोळी सुरू झाली ती शेवटपर्यंत एकही चुकली नाही. आकडा स्वतःच्या विरुद्ध गेला तरी तो आकडाच, हे मी दुसऱ्या कुठल्या माणसात पाहिलं नाही. माझ्यात तर नाहीच नाही.

आता गाडीचं.

ताईंकडे पंधरा वर्षं जुनी पांढरी छोटी गाडी होती. गाडी शिकल्या त्या पंचावन्नाव्या वर्षानंतर, नवरा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. यजमान वर्धा रोडवर स्कूटरच्या अपघातात गेले, तेव्हा अमोल दहावीत होता. तोच एकुलता एक. पुढे शिकला, पुण्याला नोकरीला लागला, तिथं फ्लॅट घेतला, बायको, एक पोरगी. चांगला मुलगा हो, आईवर जीव टाकणारा. पण तीन वर्षांपासून त्याचं एकच टुमणं, आई, इथं एकटी राहू नकोस, पुण्याला चल. ताईंचं एकच उत्तर.

"गाडी चालते तोवर मी प्रताप नगर सोडत नाही. बँक, डॉक्टर, बाजार, माझं मी करते. गाडी थांबली का मी येते म्हणून समज."

हे बोलल्या तेव्हा मी तिथंच होते. बोलल्या म्हणजे बोलल्या, तो त्यांचा करार झाला.

मग त्या हिवाळ्यात चौकात एक स्कूटरवाला गाडीला घासून गेला. कुणाला काही लागलं नाही, दाराला ओरखडा आला फक्त. ताईंनी प्रामाणिकपणानं अमोलला फोन करून सांगितलं. लपवणं त्यांना जमायचंच नाही. त्यानंतर अमोल रोज दोनदा फोन करायला लागला.

महिनाभरानं गाडी उभ्या जागी थोडी थरथरायला लागली. अमोलनं पुण्याहूनच फोनवर एक वर्कशॉप ठरवून दिलं, माणूस येऊन गाडी घेऊन गेला, दोन दिवसांनी आणून सोडली. सोबत एक कागद. कागदावर चार आकडे, पंच्याण्णव, नव्वद, पंच्याण्णव, नव्वद. खाली लिहिलेलं, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन संपलं, इंजिन पूर्ण उघडावं लागेल, गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त.

संध्याकाळी अमोलचा फोन. "आई, मी शनिवारी येतोय. गाडी देऊन टाकू आणि रविवारी बॅग भरू. तूच म्हणाली होतीस."

"हाव, मीच म्हणाली होती," ताई म्हणाल्या. "इंजिन गेलं असन तर गाडीबी देईन अन् तुझ्यासंग येईनबी. पण मोजीन मी."

"आई, त्यांनी मोजलंय ना!"

"त्यांनी मोजलं. मी कुठी मोजलं?"

मला कॉम्प्रेशन म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. ताईंनी मला माझ्याच ओट्यावर कुकर दाखवून समजावलं. इंजिनात चार नळकांडी. प्रत्येकात दट्ट्या वर येतो आणि आतली हवा दाबतो. नळकांडं धड असेल तर हवा चांगली दाबली जाते. झिजलं असेल तर हवा कुठून तरी निसटते, रबर गेलेल्या कुकरची वाफ निसटते तशी. मग गाडीत दम राहत नाही. प्लग काढून त्याच्या भोकात एक गेज बसवायचं, चावीनं इंजिन नुसतं फिरवायचं, काटा कुठवर चढतो ते पाहायचं. "बस, एवढंच तर आहे. यात कोणाचं शिक्षण आडवं येत नाही," म्हणाल्या.

गेज आणायला आम्ही दोघी सिटी बसनं जरीपटक्याला गेलो. गाडी तोवर काढायची नाही असं त्यांनीच ठरवलेलं, निकाल लागायचा होता ना. स्पेअर पार्टच्या दुकानात म्हातारे सिंधी मालक बसले होते. ताईंना पाहून उभेच राहिले. त्यांचा तराजू ताईंनी कधीकाळी जप्त केला होता म्हणे.

"मॅडम, अब तो आप रिटायर हो गईं!"

"मी झाली. वजन थोडीच रिटायर झालं?"

मालक खो खो हसले. गेज काढून दिलं आणि न सांगता ताडायला दुकानाचं स्वतःचंही काढलं. "मालूम है, आप पहले गेज को ही तोलेंगी." दुकानातच कॉम्प्रेसर होता. दोन्ही गेज त्याला आळीपाळीनं लावून पाहिले. ताईंनी घेतलेलं दुकानाच्या गेजपेक्षा पाच कमी दाखवत होतं. ताईंनी वहीत लिहिलं, पाच कमी. दुसरं नवं घ्या म्हणाले मालक, तर म्हणाल्या, "कायले? हे किती खोटं बोलते ते मले कळलं ना आता. दुसऱ्याचं कोण पाहते?"

शुक्रवारी सकाळी त्यांच्या अंगणात आम्ही दोघी. ताईंनी जुन्या साडीचा पदर खोचलेला, वर अमोलचा कॉलेजातला शर्ट. बॅटरी आदल्या दिवशीच चार्ज करून आणलेली, कारण बॅटरी मरतुकडी असली की इंजिन हळू फिरतं आणि काटा कमी चढतो. गाडीचं पुस्तक स्टुलावर उघडं. त्यात लिहिलं होतं, आकडा एकशे तीसच्या खाली नको आणि चौघांमध्ये फार फरक नको. आधी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवून गरम केलं. मग बंद करून पेट्रोलचा फ्यूज काढला, वायरी सोडवल्या आणि प्लग उघडायला वाकल्या.

वाकल्या त्या तशाच राहिल्या.

"सुषमा, इकडे ये वं. हे पाह्य."

मी पाहिलं. प्लगवरच्या टोप्यांच्या बोल्टवर धूळ होती. नुसती धूळ नाही, तेलात बसून वाळलेला काळा थर. चारही बोल्टवर, अख्खा. पान्याचा एक ओरखडा नाही.

"प्लग काढल्याशिवाय मोजता येत नाही," ताई हळू म्हणाल्या. "अन् बोल्ट खोलल्याशिवाय प्लग निघत नाही."

मला कळायला क्षणभर लागलं. वर्कशॉपवाल्यानं हे उघडलंच नव्हतं. न मोजताच आकडे लिहिले होते. माझा पारा चढला. "मेले लबाड! चला ताई, आत्ताच्या आत्ता त्याच्या दुकानात जाऊ. चपलेनं..."

"बस गाडीत," ताई म्हणाल्या. "आधी मोजू. त्यानं खोटं लिहिलं म्हणून आपलं इंजिन चांगलं ठरत नाही."

माझं काम एवढंच, स्टिअरिंगमागं बसायचं, ताईंनी "हाव" म्हटलं की उजव्या पायानं ॲक्सिलरेटरचं पायडल पूर्ण दाबायचं, म्हणजे आत हवा जाते, आणि चावी फिरवायची, "बस" म्हटलं की सोडायची. मी बसले. ताईंनी पहिल्या भोकात गेज बसवलं. "हाव!" घर्रर्र घर्रर्र. "बस!" ताईंनी वहीत लिहिलं. दुसरं. तिसरं. चौथं.

एकशे दहा. एकशे पाच. एकशे पाच. शंभर. गेजचे पाच मिळवून.

ताईंनी आकड्यांकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. चष्मा काढून पदरानं पुसला. मी गाडीत बसल्या बसल्या त्यांचा चेहरा पाहत होते.

"गेली वं गाडी," त्या म्हणाल्या. "त्यानं न मोजताच खरं सांगितलं."

"ताई, राहू द्या ना," मी म्हटलं. "अमोलला सांगू चांगले निघाले. त्याला काय कळतं?"

अशा नजरेनं पाहिलं त्यांनी माझ्याकडे, की मी जीभ चावली. मग त्या स्टुलावर बसल्या. अंगणातला शेवगा, तुळस, कुंपणापलीकडचं माझं मशीन, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मला रडू यायला लागलं. खोटं कशाला बोलू, मी स्वतःसाठी रडत होते. ताई गेल्यावर त्या घरात कोण येणार, मी संध्याकाळी कुणाकडे जाणार?

डोळे पुसत गाडीतून उतरले आणि चपला पायात सरकवायला लागले. ताईंनी मान वर केली.

"चप्पल काहून काढली होती तू?"

"म्हणजे काय? दसऱ्याला तुम्ही हिची पूजा करता. बॉनेटवर अजून स्वस्तिक आहे. चपलेचा पाय कसा लावू?"

"अन् दाबलं कसं?"

"कसं म्हणजे? हळूच. पायडल हळूच दाबायचं असतं. जोरात दाबलं तर दोरा तुटतो."

बोलता बोलता माझं मलाच कळलं, मी काय केलंय. पंचवीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल अनवाणी पायानं हळूहळू दाबणारी बाई मी. माझ्या पायाला दुसरं दाबणं ठाऊकच नव्हतं. पूर्ण दाबलं नाही तर इंजिनात हवाच पुरती जात नाही. आणि हवाच नाही तर दाबणार काय?

"बाप्पा रे बाप्पा!" ताई उठल्याच. "माझंबी चुकलं. मी पाहिलंच नाही. मोजणाऱ्यानं सारं पाहावं. बस परत. चप्पल घालून बस! अन् असं दाब, का कोणाच्या तरी नरड्यावर पाय आहे!"

मी दाबलं. कुणाच्या नरड्यावर ते सांगत नाही, पण दाबलं. एकशे सत्तर. एकशे पासष्ट. एकशे सत्तर. एकशे पासष्ट. चौथा आकडा लिहून झाल्यावर ताईंनी वही मिटली आणि गाडीच्या छपरावर थाप मारली. त्यांनी परत चारही मोजले, मी परत चारही वेळा नरडं दाबलं. तेच आकडे. इंजिन ठणठणीत होतं. प्लग मात्र जुने झालेले होते, तेवढे नवे टाकले, थरथर थांबली. संपलं.

मला वाटलं आता ताई नाचतील. पण त्या विचारात होत्या. मी दोनदा म्हटलं, वर्कशॉपवाल्याला धरू. त्या म्हणाल्या, "त्याले खोटं लिहून काय मिळते? इंजिनाचं काम तर त्याले नाही मिळून राहिलं. मी गाडी विकणार, काम होणारच नाही. मंग कोणाच्या फायद्याचं आहे हे खोटं?" मला तेव्हाही कळलं नाही. त्यांना कळलं होतं.

शनिवारी अमोल आला. रविवारी सकाळी चहा झाल्यावर ताईंनी टेबलावर दोन कागद ठेवले. एक वर्कशॉपचा, एक त्यांच्या वहीचा. मी पोह्यांची ताटली घेऊन आले होते, उठायला लागले तर म्हणाल्या, "तू बस. तू साक्षीदार आहेस."

अमोलनं दोन्ही वाचले.

"बोल्टवरची धूळ निघालेली नव्हती," ताई म्हणाल्या. "हा कागद कोणाचा आहे अमोल?"

"माझा," अमोल म्हणाला. "मीच त्याला सांगितलं असं लिहून दे म्हणून."

मी ताटली टेबलावर ठेवली.

"तीस वर्षं मी खोटी मापं जप्त केली," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मला त्यांची तशी धार आधी कधी ऐकू आली नव्हती. "आता तुले काय करू?"

आणि अमोल फुटला. चाळिशीचा माणूस, टेबलावर डोकं ठेवून. "बाबा गेले तेव्हा फोन मी उचलला होता, आई. तू बाजारात गेली होतीस. मीच उचलला. आता तुझ्या नंबरवरून अवेळी फोन आला की माझे हात गार पडतात. तो स्कूटरवाला घासला, त्या दिवसापासून मला झोप नाही. मला तू जिवंत हवी आहेस. गाडीचं मला काय करायचंय!"

ताई उठल्या नाहीत, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. मला रागही आला त्यांचा त्या क्षणी. त्यांनी त्याला पुरतं रडू दिलं. मग म्हणाल्या, "तुझी भीती खरी आहे. कागद खोटा आहे. दोन्ही एकात मिसळू नको. भीतीचं आपण पाहू, ते माझंबी काम आहे. पण भीती वाटते म्हणून मले फसवशील, तर मंग मी म्हातारी नाही, मी तुझं सामान झाली. उचललं अन् ठेवलं."

अमोलनं वर्कशॉपचा कागद फाडायला घेतला.

"फाडू नको! पुरावा आहे तो."

आणि बाईनं खरंच पंचनामा लिहायला घेतला! मला हसावं की रडावं कळेना. कोऱ्या कागदावर, सुवाच्य अक्षरात. प्रताप नगर येथे पंचांसमक्ष चारचाकी वाहनाची तपासणी केली असता, चारही सिलिंडरचा दाब योग्य आढळला. पहिल्या खेपेस मदतनिसाने पायडल अर्धवट दाबल्याने आकडे चुकीचे आले, हेही नमूद. (हे नमूद करायची काही गरज होती का? पण नाही, केलंच.) यापूर्वी सादर केलेला कागद खोटा असल्याचे सादर करणाऱ्याने मान्य केले. पंच म्हणून मी सही केली, आमच्या ह्यांना बनियनवर बोलावून त्यांची घेतली. शेवटी कागद अमोलपुढे सरकवला. त्यानं नाक पुसलं आणि सही केली. सही करता करता हसलाच तो.

"आता भीतीचं," ताई म्हणाल्या. "उद्या सकाळी तुझं विमान आहे न? टॅक्सी सांगू नको. मी सोडते. तू बाजूले बस, कागद घे, माझ्या चुका लिही. भीती आहे ना, मंग मोज तिले. किती आहे ते मलेबी कळू दे."

सोमवारी सकाळी निघालो. मागच्या सीटवर मी, कारण पंच लागतो. अमोल पुढं, मांडीवर वही, पेन उघडलेलं, आणि दुसऱ्या हातानं दारावरचं हँडल असं धरलेलं की बोटं पांढरी पडली होती. ताई सरळ बसून, दोन्ही हात स्टिअरिंगवर. वर्धा रोडला लागल्यावर अमोल एकदम अगदी गप्प झाला. ते कुठल्या जागेपाशी, ते मला माहीत होतं आणि ताईंनाही. त्यांनी वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. मिहानच्या औद्योगिक वसाहतीकडं जाणाऱ्या कंपन्यांच्या बसेस दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजवत जात होत्या. एक बस अंगावरच आली, ताईंनी शांतपणे तिला वाट दिली आणि वर तोंडानं तिच्या ड्रायव्हरचा उद्धार केला.

"त्या वळणावर सिग्नल नाही दिलास," अमोल म्हणाला.

"नाही दिला. लिही."

त्यानं लिहिलं. पुढं आणखी एक चूक लिहिली, सिग्नलला गाडी रेषेच्या थोडी पुढं जाऊन थांबली ती. तीही ताईंनी मान्य केली. विमानतळावर पोचेपर्यंत दोनच. अमोलचा हात हँडलवरून कधी सुटला ते मला दिसलं नाही. वही मिटून त्यानं खिशात ठेवली, ताई 'मले दे' म्हणाल्या तरी दिली नाही. "माझ्याकडे राहू दे," म्हणाला. "पुण्यात लागेल मला."

तिथं गाडी उभी करू देत नाहीत. शिट्टीवाला शिपाई लांबून येतच होता. अमोलनं डिकीतून बॅग काढली, खिडकीशी वाकला, आत हात घालून आईच्या गुडघ्याला हात लावला, ताईंना खाली उतरवून पाया पडायला वेळ नव्हताच. डोळे पुन्हा भरलेले.

"आई," तो म्हणाला, "घरी पोचलीस की लगेच फोन कर हं मला."

ताईंनी गियर टाकला.

"मी तर प्रताप नगरले जाऊन राहिली गा," त्या म्हणाल्या. "तू आभाळातून जाऊन राहिला. तू पोचला की मले फोन कर."